मागच्या सीटची कमान

दादांच्या जलदान विधीला बुद्धवंदना संपत आली होती, तेवढ्यात परभणीहून येणारी एसटी आमच्या दारासमोर थांबली आणि कंडक्टरने टपावरून दोन पोती खाली उतरवून घेतली. आलेल्या बायकांना वाटलं, कुणा पाहुण्याने तांदूळ पाठवले. किशनमामा, म्हणजे मायचे धाकटे भाऊ, पोतं उचलायला गेले आणि कंबर धरून तिथेच बसले.

पोत्यांत मोटारीच्या कमानी होत्या. एकावर एक रचून मधोमध बांधलेले पोलादी पाटे, धनुष्यासारखे वाकवलेले. एक कमान जाड, एक हलकी. दादांनी त्या परभणीच्या पाटेवाल्याकडे करायला टाकल्या होत्या आणि त्या तयार व्हायच्या आत ते गेले होते. दोन्ही कमानी मागच्या चाकांच्या होत्या. आमच्या गाडीला मागे आडवी अशी एकच कमान लागते.

कोणती बसवायची हे दादांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लिहून तर त्यांनी आयुष्यात काही ठेवलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा माणूस दोन मिनिटं डोळे पुसायचा आणि मग विचारायचा, "कमानीचं काय ठरलं?" दादांविषयी कुणी बोलेना. सगळे कमानींविषयी बोलत होते.

दादा म्हणजे माझे वडील, सिताराम वाव्हळे, पूर्णेच्या लोको शेडमधले चार्जमन. दिवसभर इंजिनांत राहूनही त्यांची हौस भागत नसे. हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या वारसाकडून त्यांनी जुनी जर्मन गाडी आणली होती. आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. इतर गाड्यांना मागची चाकं ढकलतात. हिला पुढची चाकं ओढत. तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागे आणि ती निळा धूर सोडत जाई. गावात तिला 'जर्मन' म्हणत. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यालाही जर्मनच म्हणतात, त्यामुळे भांडीवाले अधूनमधून वजनावर भाव विचारून जात.

दर जानेवारीत दादा ही गाडी घेऊन हैदराबादेजवळच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर हौशी लोकांच्या शर्यतीत उतरत. पट्टीच्या टोकाला तेलाची पिंपं मांडून वळण केलेलं असे. वळणाबाहेर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असत, कुणी सरळ गेलंच तर लागू नये म्हणून. सरळ पट्टीवर दादा नवाबांच्या पोरांच्या बरोबरीने असत. वळणावर मात्र ते स्टिअरिंग पूर्ण फिरवत आणि गाडी तरीही सरळ कडब्यात जाई. एखाद्या वर्षी नव्हे, दर वर्षी. भोंग्यावरच्या माणसाचं वाक्य ठरलेलं होतं, "लो, वाव्हळे साब की गाडी चारा खाने गई!" लोक हसत. दादाही हसत. मला त्यांच्या त्या हसण्याचा राग येई.

या वर्षीही त्यांचं नाव नोंदलेलं होतं. भेटायला आलेले क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, घरातल्या कुणीही त्यांच्या जागी गाडी चालवली तरी चालेल. मी म्हटलं, मी चालवते. मला गाडी शिकवली होती ती दादांनीच. त्या वळणातून त्यांची गाडी एकदा तरी नीट बाहेर काढावी, एवढंच माझ्या मनात होतं. त्यापलीकडे माझ्याकडे त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जा. पर वळली पायजे. आपल्या ओढ्याच्या वळनावर माझ्या डोळ्यासमोर वळवून दाखव. न्हाई वळली तर जायचं न्हाई. एक मानूस गेलंय, तेवढं बास."

मी अट मान्य केली.

मी परभणीच्या कॉलेजात शिकवते आणि शनिवारी रेल्वेने पूर्णेला येते. आठवडाभर मी कॉलेजच्या ग्रंथालयात शोधलं. मोटारींवर एक पुस्तक निघालं, तेही मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचं, आणि त्यातलं कमानींचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलेलं होतं. परभणी जिल्ह्यात ते प्रकरण नेमकं कुणाला लागलं असेल, याचा मी बराच विचार केला.

घरी मात्र जाणकारांची कमतरता नव्हती. मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दत्तरावकाका दादांचे लोको शेडमधले मित्र. दोघंही पत्र्याच्या शेडमध्ये गाडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसत आणि मध्ये मी.

"इंजान कुटं हाय?" मामा मला विचारत.

"पुढे."

"मंग ओझं कुटं हाय?"

"पुढेच."

"मंग पाटा कुटं वाढवायचा? पुढं! आन मागं तर कोनीच बसनार न्हाई, मंग मागं हलकी कमान बास. एवढं साधं हाय, पुरफेसरीनबाई. जिंतूरच्या लाईनीवरच्या समद्या गाड्यायला मी पाटे वाढवलेत. एकाचीबी तक्रार न्हाई."

"मामा, त्या गाड्या शर्यतीत होत्या का?"

"येळेवर पोचायची शर्यतच हाय की ती!"

दत्तरावकाका विडी विझवून म्हणत, "किशनराव, तुमची एसटी वळती ती आतली मान्सं एका अंगाला कलंडत्यात मनून. गाडीला चारी कोपऱ्याला सारखाच ताठपना पायजे. आमच्या डब्यायला बगा. कवा कलंडला का डबा?"

"तुमच्या डब्याला स्टेरिंग हाय का?"

"न्हाई."

"मंग? स्टेरिंग न्हाई आन हे वळायचं शिकवायलेत! रूळ संपल्यावर तुमचं इंजान कुटं जातंय ते सांगा की."

एसटीवाल्याला ओझं कळत होतं आणि रेल्वेवाल्याला रूळ. वळण दोघांनाही कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं, पण मी निदान तसं कबूल करत होते. मी म्हटलं, दोन्ही कमानी आळीपाळीने बसवून पाहू. दोघंही हो म्हणाले. पुढच्या शनिवारी मी आले तर मागे हलकी कमान बसवलेली होती, पुढच्या कमानीत एक जादा पाटा घातलेला होता, आणि मामा हात पुसत उभे होते. "तुला वाटलं, तू आल्यावर काम निगंल. समदं करून ठिवलं!"

"जाड कमान कुठाय?"

"ती ट्रकाला चालंल. इकून टाकू."

दादा असते तर त्यांनीही वाद घातला नसता. मामांना चहा करायला सांगून तेवढ्या वेळात त्यांनी पाटा काढून टाकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तपासायला निघालो. पालमच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की ओढ्याशी एक वळण आहे, डाव्या हाताचं, लांब, धावपट्टीवरच्या वळणासारखंच. दादा इथेच गाडी तपासत. मी स्टिअरिंगवर बसले. शेजारी मामा, कारण पाटा त्यांचा. मागे दत्तरावकाका, कारण मामा जाणार तर ते मागे कसे राहतील. आणि मागच्या सीटवर डाव्या अंगाला, तिच्या कायमच्या जागी, माय. मांडीवर डबा, हातात पानाची चंची.

"माय, आपण लगेच परत येणार आहोत. डबा कशाला?"

"आसू दे. तुज्या बापाचंबी लगेचच आसायचं."

नाक्यावर मालनबाईने हात केला. तिला पालमला लेकीकडे जायचं होतं, बरोबर तुरीचं गाठोडं आणि एक करडू होतं. मी गाडी थांबवणार नव्हते. तिघंही एकदम ओरडले, "थांबव की गं!" आमच्या रस्त्यावर रिकामं वाहन कुणी नेत नाही. जागा असून हात केलेल्या माणसाला मागे टाकणं म्हणजे तोंडावर दार लावणं. दादांच्या गाडीत तर सगळे बसत. ज्यांना आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं त्यांनाही आमची गाडी चालत असे.

"मालनबाई, ही शर्यतीची गाडी तपासायलोत आमी," मामा म्हणाले.

"तपासा की. मी कुटं आडवायलेय?" असं म्हणून ती करडासकट आत बसली.

दादा वळणाआधी वेगाचा काटा जिथवर आणत तिथवर मी आणला. करडू ओरडायला लागलं. मी स्टिअरिंग फिरवलं. गाडी जराशी जड लागली, पण वळली. बाभळी डाव्या बाजूने निघून गेल्या आणि पुढे सरळ रस्ता दिसला.

"वळली!" मामांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "दाजी आसते तर आज माझे पाय धरले आसते!"

"वळली," माय शांतपणे म्हणाली. "जा आता हैदराबादला."

मला परवानगी मिळाली होती. मी आनंद मानायला हवा होता. पण एक गोष्ट मला टोचायला लागली. या वळणावर दादांचीही गाडी दर वर्षी वळत होती. मी स्वतः कितीतरी वेळा मागे मायशेजारी पुस्तक घेऊन बसलेली असायचे, आणि वळणावर पुस्तकातून मान वर करायचीही गरज पडत नसे. इथे वळणारी गाडी तिथे वळत नव्हती. तिथे आणि इथे फरक काय होता?

मालनबाईला पालमला सोडून परत येताना रस्त्याच्या कडेला आणखी दोघं हात करून उभे होते, आणि मामा त्यांना सरकून जागा करून द्यायला लागले, तेव्हा तो फरक मला दिसला.

ओढ्यापाशी मी गाडी थांबवली. "सगळे उतरा."

"का? पंक्चर?"

"नाही. मला एकटीने वळवून बघायची आहे. शर्यतीत माझ्याबरोबर कोण असणार आहे?"

"आमी उतरायचं?" मामा दुखावले. "पाटा मी बसवला आन मलाच उतरवायलीस?"

"मामा, उतरा."

"दाजीनं कवा उतरवलं न्हाई आमाला."

"तेच तर म्हणतेय."

माय सगळ्यांच्या शेवटी उतरली. दाराला धरून, एकेक पाय खाली टाकत. तिचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून धरले होते. ती डबा घेऊन बाभळीखाली उभी राहिली.

मी पूर्णेच्या बाजूला जाऊन गाडी फिरवली आणि वळणाकडे सोडली. काटा त्याच जागी आणला. स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली, गाडी वळली नाही. मी आणखी फिरवलं. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जसं कुणी पलीकडचं टोक सोडून दिलं असावं, आणि गाडी सरळ, अगदी शांतपणे, रस्ता ओलांडून टाळकी ज्वारीच्या उभ्या पिकात शिरली. काचेवर कणसं आपटत गेली. मग इंजिन बंद पडलं.

मला काही लागलं नव्हतं. पण दर वर्षी दादांना त्या क्षणी काय वाटत असेल ते मला कळलं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

मामा आणि दत्तरावकाका धावत आले. काका म्हणाले, "चारा खायला आली!" आणि मग आपण काय बोललो ते कळून चाकात अडकलेली धाटं काढायला लागले. मामा पुढच्या चाकांपाशी वाकून म्हणाले, "पाटा तर नीट हाय."

माय सर्वांत मागून, ज्वारीतून वाट काढत आली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बांधावर बसली.

"न्हाई वळली," ती म्हणाली. "जायचं न्हाई."

मग मात्र माझा तोल गेला. मी दादांवरच चिडले. "इतकी वर्षं ते याच रस्त्यावर, तुला मागे बसवून, गाडी तपासत होते. तुझ्या वजनाने मागचा भाग दबायचा आणि गाडी वळायची. तिथे मागे कोणी नसायचं आणि गाडी सरळ जायची. लोको शेडमध्ये जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळू नये?"

"कळलं न्हाई मनून कोन मनलं?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"पयल्याच साली मला मनाले, सरजा, मागची कमान कडक केली की एकट्याची गाडी वळती. केली कडक. मला मागं बसवून निगाले, नांदेडच्याबी म्होरं गेलो न्हाईत, तर माझी कंबर धरली. लय हादरायची. त्यायनं झाडाखाली गाडी लावली, चादर हातरून मला बसवलं, आन जुनी हलकी कमान संगं आनली होती ती बसवली. मंग हलकीच ऱ्हायली."

"आणि दर वर्षी कडब्यात जायचे?"

"जायचे. मी मनायचे, तितं गेल्यावर बदला. तर मनायचे, परत येताना मागं तूच बसनार न्हाईस का मंग?"

"माय, तू रेल्वेने का नाही गेलीस? आपल्याला पास होता. पूर्णेहून सरळ गाडी आहे."

"रेल्वेत ते कुटं आसनार होते संगं?" ती म्हणाली, जणू मी वर्गातला सगळ्यात मंद प्रश्न विचारला होता.

दत्तरावकाका उगाच एक कणीस चोळत उभे राहिले.

"आन औंदा मीच मनले, गुडघे दुखायलेत, मी येत न्हाई. कायच बोलले न्हाईत. दुसऱ्या दिशी परभनीला गेले पाटेवाल्याकडं." तिने चंची उघडली आणि काही न घेता बंद केली. "ती जाड कमान बगितली की मला वाटतंय, मी न्हाई मनले ते त्यायनं जिवाला लावून घेतलं…"

मला मात्र आता दोन्ही कमानींचा अर्थ लागला. माय नाही आली तर जाड. तिचं मन बदललं तर हलकी. दोन पोती म्हणून आली होती.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू मला इचारलं व्हय? तू पुस्तकात बगायलीस."

गाडी ज्वारीतून बाहेर काढायला बैलजोडी आणावी लागली, आणि शेताच्या मालकाने नुकसानीबद्दल एवढंच मागितलं की पुढच्या बाजाराला त्याच्या बायकोला पालमला सोडावं.

दुपारी शेडमध्ये मी स्वतः जाड कमान पुढे ओढली. मामांना ते पटत नव्हतं. "मागं कोनी न्हाई आन मागं जाड? उलटं हाय हे. लोक हासतील."

"मामा, पुढच्या चाकांनाच ओढायचं आहे आणि त्यांनाच वळायचंही आहे. त्यांच्यावर आधीच इंजिन आहे. तुम्ही पुढे आणखी ताठ केलं की वळणावरचा सगळा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर पडतो आणि ते घसरतं. मागे ताठ असेल तर तो भार मागचं चाक घेतं, पुढची चाकं मोकळी राहतात."

"हे पुस्तकात हाय?"

"नाही. ज्वारीत आहे."

दत्तरावकाका मोठ्याने हसले. मामा रुसून अर्धा तास बाहेर खाटेवर बसले, आणि मग आत येऊन पाना माझ्या हातातून काढून घेत म्हणाले, "सरक. तुला नट आवळता येतो का? हात कापून घेशील." त्यांनीच पुढचा पाटा काढला. त्यांनीच जाड कमान बसवली, चारदा शिव्या देत, एकदा दादांना.

ऊन उतरायच्या आत आम्ही पुन्हा ओढ्यावर गेलो. या वेळी नाक्यावर दोघांनी हात केले आणि मी थांबले नाही. मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. ते आठवडाभर गावात फिरणार हे मला माहीत होतं. वळणाआधी सगळे न सांगता उतरले. माय बाभळीखाली गेली. डबा या वेळी तिने आणला नव्हता.

मी काटा आणला, स्टिअरिंग फिरवलं. मागचा भाग हलका, ताठ, किंचित बाहेर सरकला, आणि गाडीचं नाक आपणहून आत आलं. स्टिअरिंग पूर्ण वेळ हातात जिवंत होतं. ज्वारीत सकाळी पाडलेली वाट उजव्या बाजूला राहिली. मी पलीकडे जाऊन वळून परत आले.

माय तिथेच उभी होती. ती वळणाकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

"वळली," ती म्हणाली. "जा."

परत जाताना ती मागे बसली. प्रत्येक खड्ड्याला जाड कमान तिला उचलून आपटत होती. मी अगदी हळू चालवत होते. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. तिने दाराची मूठ धरली होती, पण तक्रार केली नाही. घरी उतरल्यावर मामा म्हणाले, आता त्या हलक्या कमानीचं काय करायचं, पाटेवाला परत घेईल.

"ठिवा," माय म्हणाली. "तेल लावून ठिवा."

हैदराबादला मी एकटी गाडी घेऊन गेले. माय, मामा आणि दत्तरावकाका रेल्वेने आले. रस्ताभर माझी कंबर मोडली. झाडाखाली थांबावंसं अनेकदा वाटलं.

धावपट्टीवर फार काही झालं नाही. माझ्या पुढे बरेच जण होते आणि शेवटपर्यंत राहिले. पिंपांच्या वळणाकडे मी आले तेव्हा भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "लो, वाव्हळे साब की गाडी…" आणि पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही, कारण कडबा माझ्या उजवीकडून निघून गेला होता.

मी उतरले तेव्हा कुंपणापाशी मामा अनोळखी लोकांना सांगत होते, "पुढचा पाटा मीच काढला. लोक मनत होते वाढवा. मी मनलं, न्हाई." दत्तरावकाका मान हलवून त्यांना दुजोरा देत होते, याचं मला सर्वांत आश्चर्य वाटलं.

माय घोंगडीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. तिने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि गाडीकडे पाहत विचारलं, "मागं मोकळं मोकळं वाटलं का गं?"

"हो," मी म्हटलं.